पेजेचा रंग

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी १९८६

प्रिय काशीराम,

तुझ्या दहिसरला फोन नाही आणि मला दुकान सोडून निघता येत नाही, म्हणून चक्क पाकीट लिहितोय. नीट बसून वाच.

जानकीला परवा इस्पितळातून घरी आणलं. डॉक्टर बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसला, तेव्हाच मी समजलो. बरी बातमी ही माणसं उभ्याउभ्या सांगतात. म्हणाला, आता घरचं खाऊ दे, घरच्या माणसांत राहू दे. चैत्र बघेल का, असं मी विचारलं. तो नुसता चष्मा पुसत राहिला. जानकीला मी काही बोललो नाही. पण तिला माहीत आहे. आमच्या मीरालाही माहीत आहे. तिघं मिळून आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारतो.

आता मुद्द्याचं. घरी आल्यावर तिला पलंगावर निजवलं तर समोर ती गुलाबी भिंत. हॉल पोपटी, आतली खोली गुलाबी, स्वयंपाकघर आकाशी आणि मोरी पिस्ता. सगळं तुझ्याच हातचं काम. बाजारात नवा शेड आला की पहिला डबा आपल्या घरी उघडायचा, ही माझी खोड तुला माहीत आहे. जानकी पूर्वी म्हणायची, "हे घर आहे की तुमचं शेडकार्ड?" मी हसायचो. परवा तेच म्हणाली, पण मला हसता आलं नाही. पुढे म्हणाली, "सगळ्या घराला एकच रंग द्या. आमच्या माहेरच्या माजघराचा."

मी म्हटलं, तो कसला? डोळे मिटून म्हणाली, "ताईला ठाऊक."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, सुलक्षणा. कुडाळकडे असते. आपल्या या जागेच्या वास्तुशांतीला आली होती, तूही होतास. बायकांना हळदीकुंकू लावायची वेळ आली आणि माझी आत्या सोनूबाई पचकली, "सुलक्षणा, तू जरा आत बस हो. सवाष्णींचं उरकू दे." नवरा जाऊन तेव्हा तिला वर्षही झालं नव्हतं. कुंकवाचं ताट जानकीच्या हातात होतं. जानकी एक अक्षर बोलली नाही. सुलक्षणाताई आत जाऊन बसली आणि सकाळच्या एसटीने गेली. तेव्हापासून ना पत्र, ना निरोप. आत्या वर गेली, ताट माळ्यावर गेलं, पण दोघींच्या मनातलं तसंच राहिलं.

मी म्हटलं, ताईला तार करतो. तर हिने माझा हात धरला. "आजाराचं कळवायचं नाही. कळवलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल." मग स्वतःच हसली, म्हणाली, "ते तसंही बघायचंच आहे म्हणा तुम्हाला." मी तिची उशी सारखी केली. तशी म्हणाली, "आजारी आहे म्हणून ती येईल. नाही असं नाही. पण मग ती आजाराला भेटायला येईल. मला नाही."

तिला रंग हवाय की रंग ठाऊक असलेलं माणूस हवंय, हे न कळायला मी काही कालचा नाही. पण शपथ घेऊन बसलोय. तू सांग काय करू.

तुझा,
दशरथ


दहिसर,
१६ जानेवारी

दशरथा,

पत्र वाचलं. आमच्या रुक्मिणीला वाचून दाखवत होतो, अर्ध्यात ती उठून आत गेली.

यार, तार कर. शपथ गेली खड्ड्यात. मी लिहिलं असतं, तुझ्या शपथेत मी येत नाही. पण परक्या माणसाने लिहिलेलं सुलक्षणाताईंना खरं वाटायचं नाही, आणि जानकीवहिनी मला घरात घ्यायच्या नाहीत. म्हणून गप्प बसतो. तुझी अक्कल मोठी आहे. मिल सोडून रंगाचं दुकान टाकलंस तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. संपात आमची वाट लागली तेव्हा तूच माझ्या हातात ब्रश दिलास. तेव्हा काहीतरी वाट तूच काढ.

रंगाचं म्हणशील तर जुन्या मातीच्या घराला बदामीच्या जवळपासचं काहीतरी असणार. चार-पाच शेडचे पट्टे मारून बघू. आणि आधी खोलीतली ती ट्यूब काढ. ट्यूबखाली बदामी रंग हिरवट मारतो, आजारी माणसाच्या तोंडासारखा. साधा पिवळा दिवा लाव. रविवारी येतो, लांबी-पुट्टीचं सामान काढून ठेव.

काशीराम


मुलुंड (पूर्व),
२० जानेवारी

ती. सुलक्षणाताई यांस,
दशरथचा नमस्कार.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून पाकीट बाजूला ठेवू नका. एका रंगाच्या कामात अडलो आहे, आणि या कामात तुमच्याशिवाय कोणी उपयोगाचं नाही.

आम्ही घराला रंग काढतोय. सगळ्या घराला एकच. जानकीचं म्हणणं, माहेरच्या माजघराचा रंग हवा. आता मी पडलो रंगवाला. गिऱ्हाईक बाई दुकानात येऊन रंगाचं नाव कधीच घेत नाही, ती खाण्याचं नाव घेते. लोण्यासारखा द्या, बिस्किटासारखा द्या, चहात दूध जास्त झालं की होतो तसा द्या. मी बरोबर तोच डबा काढतो. कान तयार झालाय. पण घरच्याच माणसापुढे हात टेकले. काशीराम आणि मी मिळून भिंतीवर पट्टे मारले. बदामी झाला, साय झाली, हस्तिदंती झाला. जानकी प्रत्येकाकडे नीट बघते आणि मान हलवते. कसला हवा ते सांग म्हटलं की एकच उत्तर: "ताईला ठाऊक."

हे शब्द तिचे आहेत, मी पदरचं काही घातलेलं नाही. दिवसातून दोनदा तरी ऐकतो.

तेव्हा तो रंग कसला होता, कशाने यायचा, एवढं कळवावं. उत्तराची वाट बघतो. मी एकटाच नाही.

आपला,
दशरथ


खालची वाडी, ता. कुडाळ,
२ फेब्रुवारी

श्री. दशरथराव यांस,
सुलक्षणाचा नमस्कार.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण लिहावं की नाही ते ठरत नव्हतं.

आमच्याकडे घराला रंग दोनच वेळा काढतात. चतुर्थीला आणि लग्नाला. चतुर्थी भाद्रपदात, आता माघ लागेल. म्हणजे मीराचं ठरलं. चांगलं झालं. मुलगा कुठचा, काय करतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत ते मला समजलं. शुभकार्याची पत्रिका कोणाला आधी द्यावी आणि कोणाला नंतर, याचं शास्त्र तुमच्या घरी चांगलं सांभाळतात. माझी मांडवात अडचण होणार नाही, ती काळजी नको. मीराला माझा आशीर्वाद सांगा. लांबून दिलेलाही लागतो.

बहिणीच्या लग्नघराला लागतं आहे म्हणून सांगते. माजघराचा रंग पेजेचा. उकड्या तांदळाची पेज थाळीत ओतून निवू दिली की तिच्यावर पातळ साय धरते ना, तिचा. पांढरा नव्हे, पिवळा नव्हे, तांबूसही नव्हे, पण तिघांचा हात लागलेला. व्हाळाच्या, तुमच्या भाषेत ओढ्याच्या, कडेची पांढरी माती आणायची, तिच्यात मूठभर तांबडी घालायची, आणि भिंतीला धरावी म्हणून पेजेचं पाणी. आई दर दिवाळीआधी सारवायची. आम्ही दोघी हाताशी. आमच्या भावाने, बाळाने, आता त्या घराला सिमेंट करून वर हिरवा ऑइलपेंट मारला आहे. बघायला जाल तर काही दिसायचं नाही.

तुमच्या शहरात डब्यात सगळं मिळतं. हेही मिळेल.

गं. भा. सुलक्षणा


मुलुंड (पूर्व),
९ फेब्रुवारी

ती. सुलक्षणाताई,

मीराचं लग्न ठरलेलं नाही. कोणाशी बोलणंही नाही. ती बँकेच्या परीक्षेला बसली आहे आणि सध्या घरीच असते. तुम्हाला न सांगता या घरात मांडव पडणार नाही, हे मी लिहून देतो.

तुम्ही टोचलंत ते मला टोचलं. ठीक आहे, टोचायला हवं होतं. पण तुमचं पत्र मी जानकीला वाचून दाखवलं. सगळं, गाळलं काही नाही. पत्रिकेच्या शास्त्रापाशी तिने डोळे मिटून घेतले. पेजेपाशी उघडले.

लगेच मीराने उकडे तांदूळ आणून पेज केली. जानकीसाठी रोज करतोच, पण ती साध्या तांदळाची. या वाटीतली तिने दोन चमचे घेतली, बाकी उरली. उरते ती, त्यामुळे रंग जुळवायला मला अडचण पडली नाही. वाटी घेऊन दुकानात गेलो. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये पिवळी माती, गेरूचा थेंब, मग काळ्याचा नखभर. वाटीत बोट बुडवायचं, डब्यात दुसरं बोट बुडवायचं, दोन्ही उन्हात धरायची. गिऱ्हाइकं बघत होती, म्हणाली, शेठला काय झालं. शेवटी दोन बोटं सारखी दिसायला लागली. खोटं सांगत नाही, इतका जुळलेला रंग आजवर मी कोणाला दिलेला नाही.

काशीरामने पलंगासमोरच्या भिंतीवर हातभर पट्टा मारला. जानकीने तो दुपारभर बघितला. ऊन खिडकीतून भिंतीवर आलं, सरकलं, गेलं. ती बघतच होती. संध्याकाळी मी विचारलं, काय गं? तर तुमच्या भाषेत म्हणाली, "रंग तोच आसा. पण भिंत ती नाय."

मी म्हटलं, म्हणजे काय? म्हणाली, "हात फिरलेला दिसत नाय."

काशीराम बिचारा ब्रश हातात घेऊन उभा. त्याचा हात इतका साफ की ब्रशचा केस दिसत नाही, आणि ब्रश धरल्यापासून तो त्यासाठीच नावाजला गेलाय. त्याला म्हटलं, मनावर घेऊ नकोस. पण ताई, माझी विद्या इथे संपली. हात फिरलेला म्हणजे कसा? तो कुठल्या डब्यात मिळतो?

दशरथ


खालची वाडी,
१५ फेब्रुवारी

दशरथराव,

तुमचं पत्र दुपारी आलं. वाचलं, घडी घातली, तांदूळ निवडायला बसले. सूप तसंच राहिलं.

लग्नघरातली आई दुपारभर भिंतीकडे बघत बसत नाही. रंगाला माणूस लागलेलं असताना घरची बाई पलंगावर नसते, ती त्याच्या डोक्यावर उभी असते. त्यातून जानकी. ती तर काशीरामभाऊंच्या हातातला ब्रश काढून घेईल. आणि पेज. उरते म्हणता. लहानपणी माझ्या थाळीतली पेज ओढून पिणारी मुलगी ती. दोन चमचे घेते आणि बाकी उरते.

काय झालंय ते मी विचारत नाही. तुम्ही लिहिलं नाहीत म्हणजे तिने शपथ घातली असणार. तिची शपथ काय असते तेही मला माहीत आहे. ती सात वर्षांची असताना तिने चोरून पिकत लावलेली आंब्याची अढी मला सापडली, तेव्हाही तीच घातली होती, कोणाक सांगितलंस तर माझा मेलेला त्वांड बघशील. मी सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त रंगाचं लिहिलंत. तुमचं डोकं चालतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्याचा राग यायचा, आज नाही आला.

हात फिरलेला डब्यात मिळत नाही. माती भिंतीला हाताच्या तळव्याने लावायची, अर्धगोल फिरवत. सुकली की प्रत्येक फिरवणीची कड दिसते, माशाच्या खवल्यासारखी. मी उजवीकडून सुरू करायची आणि ती डावीकडून. ती डावरी. तिची खवली उलटी पडायची. आई ओरडायची, "गो, उजवो हात चालव, भिंत तुका खावची नाय." ती ऐकायची नाही. मधोमध आमचे हात भेटायचे आणि तिथे खवली एकमेकांसमोर यायची. दिव्याच्या उजेडात बघितलं तर मधली ओळ सरळ दिसायची, भांगासारखी. जानकी ती ओळ शोधत असणार.

पत्र पोचायला वेळ हवा, म्हणून पंचवीस तारखेच्या मंगळवारी रातराणीने निघते. बुधवारी सकाळी कुर्ल्याच्या नेहरूनगर डेपोत उतरेन. काशीरामभाऊंना पाठवा, तुम्ही तिच्याजवळ थांबा. दोन गोण्या माती बरोबर आहे, एक पांढरी, एक तांबडी. कंडक्टर कटकट करील, ते मी बघते.

तोवर ती समोरची भिंत खरवडून ठेवा. ऑइलपेंट, पुट्टी, सगळं. गिलाव्यापर्यंत. नाहीतर माती धरायची नाही.

मी येतेय हे तिला आधी सांगू नका. नाही, सांगा. तिला अचानक आलेलं आवडत नाही. सांगा, ताई भिंत सारवायला येतेय. आजाराला भेटायला नाही.

सुलक्षणा


मुलुंड (पूर्व),
६ जुलै

ती. सुलक्षणाताई यांस,
सा. न.

तुम्ही तेरावं करून गेलात त्याला तीन महिने व्हायला आले. पोचल्याचं तुमचं कार्ड मिळालं होतं. उत्तर लिहायला बसायचो आणि दुकानाचं काहीतरी निघायचं. खरं सांगायचं तर काढायचो.

आम्ही बरे आहोत. मीरा बँकेत लागली, घाटकोपरच्या शाखेत. सकाळी डबा स्वतः करते आणि माझाही करते. मीठ विसरते. मी सांगत नाही.

काही गोष्टी तुम्ही इथे असताना बोललो नाही, त्या आता लिहितो.

तुम्ही दोघी भिंत सारवत होतात त्या दिवशी मी दुकानात गेलो म्हणून सांगितलं, पण गेलो नव्हतो. हॉलमध्ये पेपर उलटा धरून बसलो होतो. माझे कान कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पलंग भिंतीला लावून तिला तुम्ही उशांवर टेकवून बसवलंत, मातीची परात मांडीवर दिलीत. बराच वेळ नुसता ओल्या मातीचा आवाज. मग ती म्हणाली, "ताई, त्या दिवशी ताट माझ्या हातात होता." तुम्ही हात थांबवला नाहीत. म्हणालात, "खंयच्या हातात? उजव्या?" ती म्हणाली, "उजव्या." तुम्ही म्हणालात, "तरीच. तुका उजव्या हातान कधी काय धड करूक येता?" आणि मग दोघी हसलात. इतकं हसलात की तिला ठसका लागला आणि मीरा पाणी घेऊन धावली. मी पेपर सुलटा केला. ताई, या घरात इतका मोकळा आवाज मी वास्तुशांतीपासून ऐकला नव्हता.

त्यानंतर ती मोठ्याने म्हणाली, "माझी ओटी तू भर. दुसरी कोणी नको." तुम्ही तिला गप्प केलंत. पण ती इतक्या मोठ्याने बोलली होती ते तुमच्यासाठी नव्हे. हॉलमध्ये कोण बसलंय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती गेली त्या सकाळी बायका जमल्या, तुम्ही कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिलात आणि समोरच्या सुंदराबाईने तांदळाचं ताट उचललं, तेव्हा मी मध्ये पडलो. पुरुषाने तिथे बोलायचं नसतं, ते मला कळतं. पण एकदा याच घरात कोणी बोललं नव्हतं. मी ताट घेऊन तुमच्या हातात दिलं. सुंदराबाई म्हणाली, "अहो, सवाष्ण लागते ओटीला." मी म्हटलं, "जानकीला जी लागते ती आहे." तुमच्या नखांत अजून भिंतीची माती होती. ती तशीच तिच्या ओटीत गेली, तांदळाबरोबर, नारळाबरोबर. मी बघितलं. सुंदराबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. दुकानातूनही काही नेत नाही. असो.

आता भिंतीचं. काशीरामने बाकी घराला दिलेला पेजेचा रंग जसाच्या तसा आहे. खुर्चीत बसवून तिला सगळ्या खोल्यांतून फिरवलं होतं, तेव्हा मोरीपाशी थांबून म्हणाली होती, "इथेसुद्धा?" आणि खूश झाली होती. तो रंग टिकेल. पण तुमची भिंत पावसाच्या दमटाने सुटायला लागली आहे. रोज सकाळी भिंतीखाली मातीची बारीक रेघ पडलेली असते. मीरा ती झाडत नाही, सुपलीत गोळा करून डब्यात ठेवते. तुमची बाजू वरपर्यंत आहे, ती ठीक आहे. तिची बाजू पलंगावरून हात पोचेल तेवढीच, आणि हात हलका होता, त्यामुळे तिथलीच माती जास्त सुटते. उलटी खवली पुसट व्हायला लागली. मधली ओळ अजून आहे.

माझ्याकडे पारदर्शक सीलर आहे. एक हात मारला की माती जागच्या जागी धरेल, वर्षानुवर्षं. चकाकेल थोडी, पण राहील. डबा उघडून ठेवला आहे. काशीराम म्हणतो, तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. विचारतो. हो म्हणा.

आपला,
दशरथ


खालची वाडी,
१८ जुलै

प्रिय दशरथराव,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा पडवीत आणि एकदा माजघरात, पावसाचा आवाज होता म्हणून मोठ्याने. दुसरं कोणी घरात नव्हतं.

तुम्ही हॉलमध्ये होतात हे आम्हाला माहीत होतं. रंगवाल्याचा श्वास जड असतो.

डब्याला झाकण लावा.

हो म्हणा म्हणालात, पण मी नाही म्हणते, आणि रागावू नका. तुम्हाला ती भिंत तशीच ठेवायची आहे, ते मला कळतं. मलाही वाटतं. पण मातीची भिंत ठेवायची नसते. ती दर वर्षी सुटते आणि दर वर्षी सारवायची असते. आमच्या आईच्या हातावर आम्ही हात फिरवले, तिच्या आईच्या हातावर तिने. आई गेली त्या वर्षी दिवाळीआधी मी माती कालवली आणि भिंतीपुढे बसून राहिले, हात उठेना. जानकी तेव्हा मुंबईहून आली होती, मीरा पोटात होती. तिने माझा हात धरला आणि मातीत बुडवला. म्हणाली, "आवशीचो हात खाली आसा मगे. खंय जाता?" आणि आईच्या हातावरून स्वतः उलटी खवली काढायला लागली. तिने चकाकी दिली असती तर ती भिंत आईची राहिली असती, आणि आमची कधी झाली नसती.

तेव्हा सुटते ती सुटू दे. मीराने डब्यात ठेवलेली माती टाकू नका, ती नव्या मातीत कालवायची.

लोक म्हणतील, वर्षाच्या आत घराला रंग काढत नाहीत. बरोबर आहे. पण सारवणं म्हणजे रंग काढणं नव्हे. माणूस गेलेल्या घरातही सारवतात, उलट आधी सारवतात. दिवाळीच्या आधी मी येते. उजव्या बाजूने मी सुरू करेन. डाव्या बाजूने मीराला बसवा. तिचा हात उजवा आहे, तिची खवली माझ्यासारखीच पडतील आणि मधली ओळ या वेळी पडायची नाही. तुम्हाला बघवणार नसेल तर त्या दिवशी दुकानात जा. खरोखरच जा, हॉलमध्ये बसू नका. पण मला वाटतं तुम्ही बसाल, आणि बसावं.

सुंदराबाईंना सांगा, मी आल्यावर त्यांच्याकडे चहाला जाणार आहे. बोलावलं नाही तरी.

तुमची,
सुलक्षणा

ता. क. मीराला सांगा, उकड्या तांदळाची पेज करत जा, मीठ घालून. दुकानात न्यायला नाही. तुम्ही दोघांनी प्यायला. आणि वाटीत उरवू नका.